लंगड्या राजाचं माप

पस्तीस वर्षं डॉक्टरबाईंनी दातांचा दवाखाना चालवला, आणि पस्तीस वर्षं मनसोक्त गप्पा मारल्या. समोरच्याचं तोंड उघडं खरं, पण त्यात आरसा, चिमटा आणि कापसाचे बोळे. तो बिचारा ‘आँ’शिवाय बोलणार काय? त्यामुळे विषय कुठलाही असो, डॉक्टरबाईंचा शब्द कधी खाली पडला नाही. मग दवाखाना बंद केला, घरात करमेना, म्हणून त्या गावच्या इतिहास मंडळाच्या सभासद झाल्या. पहिल्याच बैठकीत त्यांच्या ध्यानात आलं, की इथे आ वासून बसायची पाळी आपली आहे.

बोलायचे ते हेडमास्तर. मंडळाचे अध्यक्ष तेच, संस्थापकही तेच. सहा फूट दोन इंच उंची, आवाज शाळेच्या मैदानावर कमावलेला. मंडळ दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर भरायचं. कागदोपत्री सभासद एकवीस, प्रत्यक्षात येणारे चार: हेडमास्तर, डॉक्टरबाई, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले मोजणीसाहेब, आणि स्टेशनरीचं दुकान चालवणारे चिटणीस. मोजणीसाहेब आठवड्याला साधारण एक वाक्य बोलत. चिटणीस वृत्तान्त लिहीत, आणि काहीही घडलं तरी शेवटी ‘सर्वानुमते’ असं लिहून मोकळे होत.

विषय एकच. लंगडा राजा. साडेचारशे वर्षांपूर्वी या गावावर त्याचं राज्य होतं. जन्मापासून डावा पाय आखूड, तरी त्याने एकवीस वर्षं गादी सांभाळली. तो गेला आणि त्याच्या धाकट्या भावाने गादीवर बसल्याबसल्या थोरल्याचं थडगं जमीनदोस्त करून टाकलं. ते कुठे होतं, हे सांगणारा माणूस उरला नाही. हेडमास्तरांनी राजाचं चारशे पानांचं चरित्र लिहिलं होतं. मुखपृष्ठावर घोडा, घोड्यावर राजा, राजाच्या हातात उपसलेली तलवार.

“एकही लढाई हरला नाही,” हेडमास्तर दर शनिवारी सांगायचे.

“आणि जिंकला किती?” डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं.

“तो मुद्दा वेगळा,” हेडमास्तर म्हणाले. चिटणिसांनी लिहिलं: सर्वानुमते मुद्दा वेगळा ठरला.

थडग्याचा पत्ता सांगणारी एकच ओळ जुन्या दरबारी कागदात होती. राजाने मरणाच्या आधी दोन वर्षं, ‘आपल्या पावलांनी’ जागा मोजून दिली होती: जुन्या पुलापासून सरळ पूर्वेला दोन हजार पावलं. हेडमास्तरांनी तीस वर्षांपूर्वी स्वतः पुलापासून दोन हजार पावलं टाकली आणि ते टेकडीवर पोचले. तेव्हापासून मंडळ टेकडी उकरत होतं. आजवर तिथे एक किटली, बैलाचा जबडा आणि दोन चपला सापडल्या होत्या. चपला दोन्ही उजव्या पायाच्या होत्या. हेडमास्तरांनी त्यावर एक व्याख्यानही दिलं होतं.

त्या शनिवारी हेडमास्तर पुन्हा टेकडीचा नकाशा पसरून बसले होते. डॉक्टरबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “सर, ती पावलं कुणाची होती?”

“राजाची. कागदात स्पष्ट आहे.”

“आणि टेकडीपर्यंत मोजली ती?”

“माझी.”

“तुमचा एक पाय आखूड आहे का?”

चिटणिसांची लेखणी थांबली. मोजणीसाहेबांनी मात्र चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्या आठवड्याचं वाक्य खर्ची घातलं: “एक बूट काढून चालून बघू.”

मग ते चौघे खाली गल्लीत उतरले आणि उजव्या पायात जाड टाचेचा बूट, डावा पाय अनवाणी, असे रस्त्यावरून लंगडत येरझारा घालू लागले. बिऱ्हाडांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. औषधवाला दुकानाबाहेर येऊन म्हणाला, “सगळ्यांनाच एकदम झालं का?” मोजणीसाहेब कुणाकडे न बघता फीत टाकत होते. हेडमास्तरांचं एरवीचं पाऊल अडीच फुटांचं. लंगडताना ते पावणेदोन फुटांवर आलं. दोन हजार पावलांत पंधराशे फुटांचा फरक पडत होता.

मोजणीसाहेबांनी दुसऱ्या दिवशी पुलापासून नीट रेघ आखली. ती टेकडीच्या बरीच अलीकडे संपली. बस डेपोत, गाड्या धुवायच्या फरशीवर.

हेडमास्तर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुरातत्त्व खात्याला पत्र लिहिलं: ‘दीर्घ संशोधनाअंती मी अशा निष्कर्षाला आलो आहे की...’ डॉक्टरबाईंनी ते वाचलं आणि काही बोलल्या नाहीत. हाताखालचा माणूस चुळबुळ करत असला की त्याला क्षणभर चुळबुळ करू द्यावी, हे त्या धंद्यात शिकल्या होत्या.

सात महिन्यांनी खात्याने एक अधिकारी बाई पाठवली. वयाने तिशीतली, डोक्यावर मळकी टोपी, आणि बोलण्यात एकच ठरलेला शब्द: “असू शकेल.” हा दगड राजवाड्याचा आहे का? असू शकेल. तुम्ही चहा घेणार का? असू शकेल. डेपोच्या मॅनेजरने हात कमरेवर ठेवून सगळं ऐकलं आणि सांगितलं, “बारा दिवस देतो. तेराव्या दिवशी माझ्या गाड्या धुतल्या गेल्या पाहिजेत. राजा असो नाही तर त्याचा बाप.”

फरशी फोडली. पहिले आठ दिवस ग्रीस, वायसर आणि एक अख्खा सायलेन्सर निघाला. डेपोचे ड्रायव्हर येता-जाता विचारायचे, “काय मास्तर, राजा कुठल्या मॉडेलचा होता?” नवव्या दिवशी दुपारी अधिकारी बाईने हात वर केला आणि सगळ्यांना गप्प केलं. ब्रशखाली एक गुडघा दिसत होता.

संध्याकाळपर्यंत पूर्ण माणूस मोकळा झाला. उताणा, हात छातीवर, डाव्या मांडीचं हाड उजव्यापेक्षा उघड उघड आखूड. हेडमास्तर खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांनी टोपी काढली. ओठ हलत होते, पण त्या मैदानी गळ्यातून आवाज म्हणून निघेना. तीस वर्षं या माणसाला हाक मारली होती त्यांनी. डॉक्टरबाईंना आजवर त्यांचा राग यायचा; त्या क्षणी तो कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. त्यांनी पर्समधला रुमाल काढून हेडमास्तरांच्या हातात कोंबला.

उजव्या हाताच्या मधल्या बोटावर सोन्याची एक टोपी होती. बोटाच्या टोकावर बसणारी, अर्ध्या पेराएवढी खोल, आणि सगळ्या अंगावर बारीक बारीक खळगे. तोवर हेडमास्तरांचा गळा परत आला होता.

“बोटरक्षक,” ते म्हणाले. “धनुष्याची दोरी ओढताना बोट कापू नये म्हणून. थोर तिरंदाज घालत असत.”

“असू शकेल,” अधिकारी बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मथळा आला: तिरंदाज राजा बस डेपोत सापडला. आता यात बातमीदाराचाही दोष नव्हता, ‘असू शकेल’ हा शब्द त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

खात्याचा दातांचा तज्ज्ञ महिनाभर येऊ शकत नव्हता. अधिकारी बाईने विचारलं, “तुम्ही एकदा बघाल का? वयाचा अंदाज आला तर बरं.” डॉक्टरबाईंनी कपाटातून जुना तोंडात घालायचा आरसा काढला, उकळून घेतला (सवय) आणि डेपोत गेल्या. खड्ड्यावर फळी टाकली होती. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्या फळीवर पालथ्या झोपल्या आणि राजाच्या तोंडाशी तोंड नेलं. तीन वर्षांनी पेशंट मिळाला होता.

“फारच उशिरा आलात,” त्या पुटपुटल्या. “दाढा झिजल्यात. खालची एक किडली होती, दुखली असेल. सांगायचं नाही का कुणाला? राजे झालात म्हणून काय...” वय पंचावन्नच्या आसपास. मग आरसा वरच्या पुढच्या दातावर आला आणि त्या बोलता बोलता थांबल्या.

दाताच्या कडेला एक खाच होती. अरुंद, गुळगुळीत, जणू कानस लावून केलेली. अशी खाच त्यांनी आयुष्यात हजारदा पाहिली होती. रोज सकाळी चहा पिताना समोर दिसायची.

डॉक्टरबाईंची नणंद घरातच राहायची. वय एकाहत्तर, सोळाव्या वर्षापासून शिवणकाम. डॉक्टरबाईंचे यजमान गेल्यावर नणंद-भावजय दोघीच उरल्या. एकीचं मशीन पुढच्या खोलीत, एकीची पुस्तकं मागच्या. वन्सं दोरा दातातच धरायच्या आणि दातानेच तोडायच्या. कात्री हाताशी असली तरी.

डॉक्टरबाई घरी आल्या त्या चपलांसकट पुढच्या खोलीत.

“वन्सं, आ करा.”

“का गं? पस्तीस वर्षं ओरडलीस तेवढं पुरे नाही झालं?”

“आ करा म्हणते ना.”

वन्संनी आ केला. खाच तीच होती, फक्त अंमळ उथळ.

“चला माझ्याबरोबर. एक माणूस दाखवायचाय.”

“या वयात?” वन्सं म्हणाल्या, पण उठल्या.

डेपोत हेडमास्तर बातमीदाराला तिरंदाजी समजावत होते. वन्सं कुणाकडे न बघता खड्ड्याच्या काठाशी उकिडव्या बसल्या आणि सोन्याची टोपी बघू लागल्या. ती अजून बोटावरच होती. अधिकारी बाईने हलवली नव्हती.

“अंगुस्तान आहे हे,” वन्सं म्हणाल्या.

“काय?” अधिकारी बाईने विचारलं.

“अंगुस्तान. सुई ढकलताना बोटाला टोचू नये म्हणून घालतात.” त्यांनी पिशवीतून स्वतःचं काढलं. पितळी, पण तेच खळगे, तीच खोली. “मधल्या बोटात. त्याचं बघ, एका बाजूला जास्त झिजलंय. जाड कापड शिवायचा.”

हेडमास्तर दोन ढांगांत तिथे आले. “बाई, हा राजा आहे.”

“असेल की.”

“राजे शिवत नाहीत.”

“तुम्हाला त्याने सांगितलं?”

“त्याने एकवीस वर्षं राज्य केलं.”

“बरं मग. रात्रंदिवस तेच करत होता का? मीसुद्धा संसार सांभाळून शिवते.”

डॉक्टरबाईंनी दातातल्या खाचेचं सांगितलं. वर्षानुवर्षं दोरा दातात धरल्याशिवाय अशी खाच पडत नाही, धनुष्याची दोरी कुणी दाताने ओढत नाही. हेडमास्तरांनी अधिकारी बाईकडे पाहिलं. तिने टोपी मागे सारली आणि काहीच म्हटलं नाही. हे ‘असू शकेल’पेक्षा वाईट होतं. अकराव्या दिवशी राजाच्या कमरेजवळ हाडाची एक छोटी नळी सापडली आणि नळीत तीन सुया, गंजून एकमेकींना चिकटलेल्या. तेव्हा अधिकारी बाई पहिल्यांदा म्हणाली, “आहे.”

वर्तमानपत्राने मथळा बदलला: राजा की शिंपी? गावात हसायला निमित्तच मिळालं. शाळेतली कार्टी हेडमास्तरांना बघून हवेत सुई ओवायची. ‘दिवसचे दिवस आतल्या दालनात एकटा बसे, कुणाला प्रवेश नसे’ असं राजाबद्दल जुन्या कागदात होतं. चरित्रात त्यावर ‘युद्धाचे बेत’ नावाचं साठ पानांचं प्रकरण होतं. शिवणकाम संघटनेचे लोक हार घेऊन डेपोत आले आणि राजा आमचा, म्हणून बसून राहिले. मॅनेजरने त्यांना उठवलं नाही, कारण त्यांच्यातल्या एकाने ड्रायव्हरांचे गणवेश तीन महिने अडवून ठेवले होते.

हेडमास्तर शनिवारी आले नाहीत. पुढच्याही आले नाहीत. चिटणिसांनी लिहिलं: अध्यक्ष अनुपस्थित, सर्वानुमते. तिसऱ्या शनिवारी मोजणीसाहेब म्हणाले, “कुणीतरी जायला हवं,” आणि डॉक्टरबाईंकडे बघत राहिले.

हेडमास्तरांनी दार उघडलं ते बनियनवर. पलंगाखाली चरित्राच्या प्रतींचे गठ्ठे होते, सुतळीसकट. त्यांनी डॉक्टरबाईंना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर टेकले. गुडघे जवळजवळ हनुवटीपर्यंत आले.

“एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो,” ते म्हणाले. आवाज माडीवरचा नव्हता. “लंगडी मुलं असायची वर्गात, तोतरी असायची, एक दोन्ही डोळ्यांनी अधू होता. त्यांना सांगायचो, बघा, पाय आखूड होता तरी तलवार धरली. आता काय सांगू? घरात बसून शिवत होता?”

हे असंही काही असेल, हे डॉक्टरबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“तलवार त्याच्या हातात मी दिली,” हेडमास्तर म्हणाले. “त्याने मागितली नव्हती.”

“सर, तुम्हाला एक सांगते, कुणाला बोलू नका. अठरा वर्षांपूर्वी मी एकाचा चुकीचा दात काढला. चांगला, धडधाकट. शेजारचा काढायचा होता.”

“मग?”

“मग काय. शेजारचाही काढला. म्हटलं, दोन्ही खराब होते. काढलेला दात परत बसत नाही, सर. पुस्तकाची दुसरी आवृत्ती तरी निघते.”

हेडमास्तरांनी वर पाहिलं. “कुणाचा दात?”

“चिटणिसांचा.”

हेडमास्तरांचे खांदे हलायला लागले, मग पलंग, मग पलंगाखालचे गठ्ठे. डोळे पुसत त्यांनी विचारलं, “त्याला माहीत नाही?”

“त्याने मला भेट म्हणून दोन डझन पेनं दिली होती.”

खात्याने तपासणी संपवली आणि राजाला पुन्हा पुरायचं ठरलं, डेपोमागच्या मोकळ्या जागेत, नीट चबुतरा बांधून. गुंडाळायला वस्त्र हवं होतं. संघटनेत यावरून तीन आठवडे भांडण चाललं. प्रत्येकाला आपलाच हात लागायला हवा होता. शेवटी सगळ्यांत वयाने मोठं कोण, असा प्रश्न निघाला आणि काम वन्संकडे आलं.

“मापं कुठायत?” वन्संनी विचारलं.

अधिकारी बाई म्हणाली, “आजी, सहा वार कापड पुरेल. गुंडाळायचंच तर आहे.”

“माप घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही. गिऱ्हाईक कोण का असेना.”

त्यामुळे एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता खात्याच्या कार्यालयात, लांब टेबलावर मांडलेल्या राजाभोवती वन्सं मोजपट्टी घेऊन उभ्या राहिल्या. पट्टीचं दुसरं टोक धरायला उंच माणूस हवा होता. हेडमास्तर कुणी न बोलावता आले होते; ते पुढे झाले. डॉक्टरबाईंनी वही घेतली.

“डोक्यापासून उजव्या टाचेपर्यंत?”

“पाच फूट पाच,” हेडमास्तर म्हणाले.

“डाव्या?”

“पाच फूट दीड... पावणेदोन.”

“नक्की काय ते सांगा, मास्तर. असं मोघम चालत नाही.”

“पावणेदोन.”

वन्संनी खांद्यावर पट्टी धरली आणि मान हलवली. “उजवा खांदा उतरलाय. बघा, इथे हाड कसं झिजलंय. माझंही असंच आहे. वाकून वाकून होतं.”

हेडमास्तर खाली वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “काय शिवत असेल हो तो?”

“आता कोण सांगणार? कापड कधीच गेलं.” वन्संनी पट्टी गुंडाळली. “पण सोन्यावरचे खळगे असे झिजून सपाट व्हायला किती वर्षं लागतात, माहीत आहे? हौस म्हणून नव्हता करत. कामात होता माणूस.”

हेडमास्तरांनी डॉक्टरबाईंच्या हातातली वही मागून घेतली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

पुरण्याच्या दिवशी गाव लोटलं होतं. डेपोने त्या तासाभरात एकही गाडी सोडली नाही, मॅनेजर स्वतः फाटकावर उभा होता आणि प्रवाशांना सांगत होता, “थांबा जरा, आमचे राजे आहेत.” वन्संनी शिवलेलं वस्त्र पांढरं, साधं होतं, काठाला बारीक हातशिलाई. डाव्या बाजूला त्यांनी सव्वातीन इंचांची दुमड घातली होती, कुठे सुरकुती म्हणून पडली नव्हती. संघटनेचे लोक पुढे वाकून टाके मोजत होते आणि त्यात त्यांना एकही खोड काढता आली नाही.

मग हेडमास्तर बोलायला उभे राहिले. मंडळाच्या उरलेल्या तिघांना माहीत होतं की आता पाऊण तासाची निश्चिंती. चिटणिसांनी तर बसायला वर्तमानपत्रही पसरलं. हेडमास्तरांनी घसा साफ केला, वन्संकडे पाहिलं आणि म्हणाले, “या माणसाबद्दल मी फार बोललो. त्यातलं पुष्कळ चूक होतं. तो चांगला शिवायचा.” आणि ते खाली बसले.

लोकांना वाटलं, भाषण अजून सुरूच व्हायचंय. सगळे बराच वेळ वाट बघत उभे होते.